बोटांच्या बेचक्यात

युवराजनं बूट काढले आणि मोजे काढले नाहीत. एवढंच झालं. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. आषाढातला रविवार, सकाळचे साडेदहा, हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या आमच्या घराच्या पायऱ्यांवर लेक-जावई उभे, आणि मी दारात हसून ‘या, या’ म्हणत असताना माझी नजर त्या करड्या मोज्यांवर जी खिळली ती निघेचना. आमच्याकडे एक रीत आहे, आजोबांपासूनची. बाहेरून आलेल्यानं पायऱ्यांजवळच्या नळावर घोट्यापर्यंत पाय धुवायचे, दारातल्या पायपुसण्यावर टेकवायचे, मग आत यायचं. पाहुणा असो, भटजी असो, नाहीतर गॅसवाला असो. वडील तर वाकून टाच बघायचे. टाच कोरडी राहिली की तिथून पीडा शिरते म्हणायचे. युवराजच्या वडिलांचं आता पंप-पाइपांचं दुकान असलं तरी घराणं मूळचं शेतकऱ्याचं. त्याला ही रीत ठाऊक नसणार म्हणून लग्न ठरलं तेव्हा पहिल्याच भेटीत मी त्याला नळ दाखवला होता. तेव्हापासून दोन वर्षं तो न सांगता पाय धुवत आला. आणि त्या रविवारी तो नळाला वळसा घालून, मोज्यांनिशी, पायपुसणं ओलांडून आत आला आणि सोफ्यावर बसला. सुप्रियानं पाय धुतले, पण पायपुसण्यावर ठेवले नाहीत. पर्समधून एक नॅपकिन काढला, उभ्या उभ्या एकेक पाय कोरडा केला, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि नॅपकिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत पर्समध्ये टाकला. स्वतःच्या बापाच्या घरी.

चौतीस वर्षं मी कोर्टात काढली. न्यायाधीश म्हणून नव्हे, न्यायाधीशांपुढे जाणारे कागद तपासणारा म्हणून; सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झालो. त्या चौतीस वर्षांत एक गोष्ट शिकलो, की माणूस अर्जात काय लिहितो ते थोडं वाचावं आणि काय गाळतो ते जास्त वाचावं. निर्मला म्हणते, तुम्ही घरातसुद्धा तसंच वाचता. वाचतो. आमटीत मीठ कमी पडलं की ती फोनवर कोणाशी बोलत होती हे मला कळतं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. तर पोहे झाले, चहा झाला, आणि निर्मलानं अधिक महिन्याचा विषय काढला. यंदा अधिक श्रावण. लग्नानंतरचा पहिला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना जावयाचा. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, सासऱ्यानं जावयाचे पाय ताम्हनात धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. निर्मलाचा उत्साह ओसंडून चालला होता. युवराज बशीतल्या शेंगदाण्याशी खेळत होता. तो म्हणाला, “मामा, ते पाय धुवायचं राहू द्या ना. वाण तेवढं द्या.” मी म्हटलं, अहो, पाय धुतल्याशिवाय वाण कसलं? तो हसला. सुप्रिया खिडकीबाहेर बघायला लागली. आणि निर्मला, जिनं एरवी रीतीवरून तासभर वाद घातला असता, ती चटकन ‘बघू, बघू’ म्हणून कपबशा गोळा करायला उठली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हे तिघं काहीतरी जाणून होते आणि मी तेवढा जाणत नव्हतो.

ते पाय मी पाहिले होते, ही गोष्ट मला दुपारी आडवं पडल्यावर आठवली. बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये, कन्यादानाआधी, मी स्वतः धुतले होते. रुंद, सावळे, बोटं पसरलेली, डाव्या टाचेला एक जुनी भेग. माझ्या मनात तेव्हा आलं होतं, की हे पाय दोन पिढ्यांपूर्वी नांगरामागून चालले असते. आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्यावर पाणी घातलं, निर्मलानं हळदकुंकू लावलं, आणि माझी एकुलती एक लेक त्या पायांमागून निघून गेली. पण पाय स्वच्छ होते. म्हणजे जे काही झालं ते लग्नानंतर. काय झालं? वर पंखा फिरत होता आणि मी यादी करत होतो. भाजलं असेल? मग लपवायचं काय कारण. कोड? महारोग? हा शब्द आला तशी माझी झोप उडाली, कारण त्याच्यामागून एक माणूस आला, माझ्या टेबलाशेजारी बसणारा कारकून, जो मे महिन्यातसुद्धा मोजे घालायचा. त्याच्या घोट्यावर बधिर चट्टा होता. कोणाला तरी दिसला. वर्षभर औषध घेऊन तो पुरता बरा होऊन आला, डॉक्टरचा दाखला घेऊन आला, आणि त्याचा चहाचा पेला वेगळ्या खिळ्याला टांगला जाऊ लागला. खिळा मी ठोकला होता. तो बदली मागून निघून गेला. मी कूस बदलली. युवराजचं तसं काही नसेल, मी स्वतःला सांगितलं, पण नसेल तर मोजे का, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

दुसरा संशय पहिल्याहून वाईट होता. युवराज वडिलांच्या दुकानाचा माल पोचवायला फिरतो. निजामाबाद, नांदेड, बिदर, कधी दोन दोन दिवस. लॉज, तिथल्या सार्वजनिक मोऱ्या, तिथल्या चादरी. माणूस बाहेरून काय घेऊन येईल सांगता येत नाही. मी सुतावरून स्वर्ग गाठतो असं निर्मला म्हणते, पण सूत तर होतंच ना, करड्या रंगाचं. संध्याकाळी ती अनारशांसाठी तांदूळ भिजत घालत होती. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. वाणाआधी एकदा करून बघते म्हणाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, युवराजच्या पायाला काही झालंय का? तिनं पातेल्यातून हात काढला नाही. म्हणाली, मला काय माहीत, थंडी वाजत असेल. जुलै महिन्यात, हैदराबादेत, माझ्या घरात थंडी. मी म्हटलं, सुप्रिया तुला सगळं सांगते. ती म्हणाली, “आणि मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काय कराल?” प्रश्नाला प्रश्न म्हणजे साक्षीदार फुटायला आला, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ही साक्षीदार फुटली नाही. पातेल्यावर झाकण ठेवून, कंबरेचा पदर नीट खोचून, बाहेर तुळशीला पाणी घालायला गेली.

माझ्या स्वतःच्या पायाचं म्हणाल तर ती गोष्ट वेगळी. निदान तेव्हा मला ती वेगळी वाटत होती. माझ्या डाव्या पायाच्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये तीनेक वर्षांपासून कातडी पांढरी व्हायची, भिजलेल्या कागदासारखी, आणि सुटायची. तिला एक वास होता. खाज अशी, की ती खाजवताना जे सुख होई त्याला तोड नाही. मी खुर्चीत बसून पेपर वाचताना एका पायाचं बोट दुसऱ्याच्या बेचक्यात घालून डोळे मिटून घ्यायचो, किंवा दारातल्या पायपुसण्याच्या काथ्यावर पाय घासायचो, जोरात, आग होईपर्यंत. याला चिखल्या म्हणतात हे मला माहीत होतं. पण चिखल्या चिखलात उभं राहणाऱ्याला होतात, आणि मी दिवसातून पाच वेळा पाय धुणारा माणूस. तेव्हा माझं ते चिखल्या नव्हतं, नुसतं पाण्यानं झालेलं काहीतरी होतं. त्याच्यावर माझ्याकडे इलाज होता. आबिड्सला एक जुना मेडिकलवाला आहे, माझ्या नोकरीच्या दिवसांपासूनचा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, “डॉक्टर कैकू, साब? ये ट्यूब तीन का काम एक में करती.” आणि खरोखर दोन दिवसांत खाज पळाली. मी ट्यूब बंद केली. महिन्याभरानं खाज परत आली, मी परत लावली. असं चाललं होतं. कधी तळव्यावर, कधी टाचेकडे एखादं गोल उठायचं, तेही त्याच ट्यूबनं विरघळून पसरट व्हायचं आणि दिसेनासं व्हायचं. मला त्या ट्यूबचा अभिमानच होता. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला दिली, मेहुण्याला दिली, संक्रांतीला सुप्रियानं ‘बाबा, तुमची ती खाजेची ट्यूब कोणती?’ म्हणून विचारलं तेव्हा तिच्या पर्समध्ये दोन टाकल्या. कोणासाठी हवी हे विचारायचं मला सुचलं नाही. जगाला उलटतपासणारा मी, औषध वाटताना मात्र भोळा सांब असायचो.

मी अंबाजींना फोन केला तो त्या रविवारनंतर दोन दिवसांनी. अंबाजी म्हणजे युवराजचे वडील, माझे व्याही. दोन दिवस मी स्वतःला आवरलं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. त्यांच्या दुकानात मागे कुणीतरी पाइप कापत होतं, त्यामुळे मला तोच प्रश्न दोनदा विचारावा लागला, आणि दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा उघडा झाला: तुमच्या घराण्यात कातडीचं, रक्ताचं काही आहे का, लग्नाच्या वेळी सांगायचं राहून गेलेलं? पाइप कापणं थांबलं.  अंबाजी म्हणाले, “आमच्यात पायाला काही व्हायचं ते चिखलानं व्हायचं, अनंतराव. आता चिखल राहिला कुठं? विचारतो पोराला.” आवाज अजिबात चढला नव्हता. सावित्रीबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, निर्मलाला मसाला पाठवलाय, तेवढा कुणाला तरी पाठवून न्या, असंही म्हणाले. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आपण रीतसर चौकशी केली.  मसाला कोण आणणार हे ठरलं नाही.

सुप्रियाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. माझ्याशी बोलली नाही, आईशी बोलली. निर्मला फोन कानाला धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि ‘हं’ एवढंच म्हणत होती. मग माझ्याजवळ येऊन तिनं सांगितलं, की ते धोंड्याला येणार नाहीत. या घरी आता लवकर येणारच नाहीत. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली, तांदूळ उपसले, फडक्यावर पसरले आणि त्यांच्याकडे बघत बसली. कुटायचे की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. पण खरं दुःख वाणाचं नव्हतं. दर रविवारी साडेदहाला फाटकाची कडी वाजायची, तिचा आवाज मला पेपर वाचता वाचता हवा असायचा, आणि तो आता वाजणार नव्हता. माझी लेक मला दुरावली होती, मोज्यांच्या एका जोडावरून. त्यावर माझ्या मनानं काय करावं? त्यानं ठरवलं, की एवढा राग आला त्या अर्थी नक्कीच काहीतरी आहे. खोट नसती तर हसून सोडून दिलं असतं. मी चपला घातल्या आणि तारनाक्याला त्यांच्या घरी जायला रिक्षा केली. निर्मलाला सांगितलं, समजूत काढायला चाललो. निघालो होतो पुरावा शोधायला.

दार सुप्रियानं उघडलं. बसा म्हणाली, पाणी दिलं, आणि युवराज आंघोळ करून आलाय, बेडरूममध्ये आहे म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता. मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, आणि मी म्हटलं, बाथरूमला जाऊन येतो. आत गेल्यावर कडी लावायला विसरलो, इतकी घाई. भिंतीला दोन खुंट्या, एकमेकींपासून लांब, एकीला निळा टॉवेल, दुसरीला पांढरा. बादलीत वाफाळत्या पाण्यात मोजे बुडवलेले, पाच-सहा जोड, सगळे सुती. फळीवर एक साबण आणि एक वेगळा साबण. आरशामागच्या कपाटात पावडर, गोळ्यांचं पाकीट, आणि त्यांच्यामागे, शेवटपर्यंत पिळून गुंडाळलेली, माझी ट्यूब. तीच. तोच हिरवा पट्टा. मला ती हातात घेताना, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. सापडला, असं मनात आलं. त्याला काहीतरी आहे आणि तो लपवतो आहे, हे सिद्ध झालं. मागे दार ढकलल्याचा आवाज आला. सुप्रिया उंबऱ्यावर उभी होती. ती ओरडली नाही. “बाबा, ती तुम्हीच दिली होती,” ती म्हणाली. “मी फेकली नाही. डॉक्टरना दाखवायला ठेवली होती.”

मग युवराज आला. अनवाणी. बेडरूमच्या दारातून हॉलमधल्या खुर्चीपर्यंत तो चालत आला आणि मी ते पाय पाहिले. बोटांमधली कातडी कोरडी, गुलाबी, बरी होत आलेली. पण पावलावरून वर घोट्यापर्यंत आणि घोट्यावरून नडगीकडे लाल खवल्यांची कड गेली होती, नकाशातल्या सरहद्दीसारखी वाकडीतिकडी, आणि कडेच्या आत कातडी पातळ, चमकदार, निळ्या शिरा दिसतील अशी. मी नजर फिरवली नाही. फिरवायला हवी होती की नको तेही कळेना. तो बोलत होता ते सुप्रियाला मधूनमधून पुरं करावं लागत होतं, कारण त्याला माझ्यापुढे बोलताना अडखळायला होत होतं. दिवाळीनंतर बोटांमध्ये सुरू झालं. संक्रांतीला ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली आणि महिन्याभरात ते पायभर पसरलं. डॉक्टर म्हणाल्या, या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, ते खाज दाबतं आणि आत बुरशीला मोकळं रान देतं. गोळ्या, दुसरं मलम, दोन महिने; तेवढे रविवार तो दौऱ्याचं निमित्त सांगून आमच्याकडे आला नव्हता. एप्रिलमध्ये साफ झालं. मे महिन्यात आमच्याकडे आमरसाच्या जेवणाला आले, नळावर पाय धुतले, पायपुसण्यावर पुसले. पंधरा दिवसांत परत बोटांमध्ये पांढरं. पहिल्यापासून गोळ्या, आणि पुन्हा तेच निमित्त. “डॉक्टरनी विचारलं, तुम्ही जिथं जाता-येता तिथं आणखी कोणाला आहे का,” युवराज म्हणाला. “मी नाही म्हटलं, मामा.” मी विचारलं, का? त्यानं सुप्रियाकडे पाहिलं. “तुम्हाला पायपुसण्यावर पाय घासताना बघितलं होतं मी. वडीलमाणसाचं नाव तिथं कसं घेऊ? मग मोजे घातले. तुम्हाला माझ्या पायांच्या पाण्यात हात घालायला लागू नयेत म्हणून धुवायला नको म्हटलं.”

माणसावर स्वतःचीच कला उलटते तेव्हा काय होतं ते मी तिथे बसून अनुभवलं. कारण माझ्या मनानं तरीही पहिल्यांदा हेच विचारलं, की ती डॉक्टरीण खरं बोलते कशावरून? मग ते तारखा लावायला बसलं, जसं ते नेहमी बसतं. माझी तीन वर्षं. त्याची दिवाळी. लग्नात मी धुतलेले स्वच्छ पाय. दर रविवारी तो त्याच नळावर, त्याच ओल्या काथ्यावर, माझ्यानंतर. मी शेकडो प्रकरणं अशी लावून दाखवली होती आणि इतकं सरळ एकही नव्हतं. त्याच्या घराण्यात नव्हतं, लॉजवर नव्हतं, बाहेर कुठंच नव्हतं. मी नळ दाखवला होता. टाच कोरडी राहू नये म्हणून आमच्या घरानं तीन पिढ्या काळजी घेतली आणि बोटांमधलं पाणी पुसायला एकाही पिढीनं सांगितलं नाही. मला अंबाजींच्या दुकानात थांबलेलं पाइप कापणं आठवलं आणि मी सुप्रियाला विचारलं, त्यांनी काय म्हटलं? ती म्हणाली, “काही नाही. ह्यांना म्हणाले, सासऱ्याला उलट बोलू नकोस आणि धोंड्याला जा. मी नाही म्हटलं. मी, बाबा. हे नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण आवाज पक्का होता, आणि तो आवाज माझाच होता, कोर्टातला. तिनं अट घातली. आधी डॉक्टरकडे चला, आईला घेऊन. सगळ्यांना एकदम औषध सुरू झालं पाहिजे, नाहीतर हे आपल्यात फिरत राहील. मग धोंड्याचं बघू. मी युवराजला माफ करा म्हणणार होतो. म्हटलं ते, “बसा, उभे का?” त्याला कळलं असावं, तो बसला.

निर्मलाला घरी येऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती मला चार शब्द सुनावेल. तयारी होती माझी. तिनं फक्त विचारलं, मला कशाला यायचं? मला तर काही नाही. मी म्हटलं, सगळ्यांना बोलावलंय. ती पुन्हा म्हणाली, मला कशाला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझे कान उभे राहिले, पण त्या दिवशी मला माझ्याच कानांची चीड आली होती, आणि मी विषय सोडून दिला.

विद्यानगरला त्या डॉक्टरांचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर वंदना, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, मराठी बोलताना मधेच तेलुगूत नर्सला हाक मारणाऱ्या. युवराज आमच्याबरोबर आला होता पण खाली गाडीजवळ थांबला. सासूसासऱ्यांच्या तपासणीत जावयानं कशाला, म्हणाला. मी मोजा काढला. माझा पाय एखाद्या परक्या माणसानं असा दिव्याखाली धरून पाहण्याची ही पहिलीच वेळ. डॉक्टरांनी बोटं अलगद फाकवली, पात्याच्या बोथट बाजूनं थोडा कोंडा काचेच्या पट्टीवर खरवडला, त्यावर एक थेंब टाकला आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. माझा विश्वास बसत नाही असं त्यांना दिसलं असावं. म्हणाल्या, या, तुम्हीच बघा. पेशींच्या जाळीतून बारीक, फांद्या फुटलेले धागे गेले होते. माझ्या पायात. कुठल्याही दाखल्याशिवाय, तीन वर्षं. मग त्यांनी उजवा तळहात मागितला, आणि ज्या हातानं खाजवतो त्या हाताच्या रेषांमधला कोंडा दाखवला, ज्याला मी म्हातारपणाची कोरडी कातडी समजत होतो. सूचना सुप्रियानं लिहून घेतल्या. ट्यूब बंद. नवं मलम दोन वेळा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग गेला तरी पुढे दोन आठवडे लावायचंच. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. रक्त तपासून गोळ्या. टॉवेल ज्याचा त्याचा. कपडे गरम पाण्यात, उन्हात. पायपुसणं फेकून द्या. मी विचारलं, पाय धुवायचे की नाहीत? “हजार वेळा धुवा,” त्या म्हणाल्या, “पण कोरडे करा. बुरशीला घाण लागत नाही, ओल लागते.” सुप्रियानं धोंड्याचं विचारलं तेव्हा त्या हसल्या, धुवा, स्वच्छ फडक्यानं टिपा, ते पाणी मात्र डोळ्यांना लावू नका, आणि सासऱ्यांनी नंतर साबणानं हात धुवावेत, जावयासाठी नाही, स्वतःच्या हातासाठी. सुप्रियानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, अधिकाच्या शेवटच्या रविवारी येतो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी मोजा चढवायला घेतला.

तेव्हा डॉक्टर निर्मलाकडे वळल्या. “आणि तुम्हाला कुठं आहे?” त्यांनी विचारलं, आहे का असं नाही, कुठं आहे असं. निर्मला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग उठली आणि डॉक्टरांमागून पडद्याआड गेली. हिरवा, पातळ पडदा. मला सगळं ऐकू येत होतं. परकराची नाडी जिथं बसते तिथं, कंबरेभर. डॉक्टर बारीक आवाजात ‘अरे अरे’ म्हणाल्या. किती दिवस? दोन वर्षं झाली, निर्मला म्हणाली, यांचीच ट्यूब चोरून लावते. इतकं वाढेपर्यंत मिस्टरांना सांगितलं नाही?  “सांगून काय करू, ते पहिल्यांदा विचारतील, कुठून आणलंस.” ती हे रडत म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली.

आणि तिचं खरं होतं. पडद्याच्या अलीकडे, अर्धा मोजा चढवलेल्या पायानं बसलेला मी, त्या क्षणी काय करत होतो? दोन वर्षं म्हणजे लग्नाच्या सुमारास, त्या वेळी घरात कोण कोण उतरलं होतं, ती कोणाची चादर पांघरली असेल, याची यादी माझ्या मनात सुरू झालीसुद्धा होती. धागे डोळ्यांनी पाहून पाच मिनिटं झाली नव्हती. मला स्वतःची किळस आली, बोटांमधल्या वासाची कधी आली नव्हती तशी. एका घरात, एका छताखाली, दोन माणसं दोन वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून तेच औषध चोरून लावत होती, आणि त्यांतलं एक माणूस दुसऱ्याला भीत होतं. कातडीला नाही, त्याच्या तोंडून निघणाऱ्या दोन शब्दांना. तो दुसरा मी होतो.

पडदा सरकला. निर्मला निऱ्या सारख्या करत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला कळलं होतं की मी ऐकलं. सुप्रिया वहीतून वर बघत नव्हती. निर्मलानं ओठ घट्ट मिटले होते, इंजेक्शनसाठी दंड पुढे करताना मिटतात तसे. ती माझ्या प्रश्नाची वाट बघत होती. प्रश्न माझ्या तोंडात आलेलाच होता, चौतीस वर्षांचा सराव असलेला. मी तो गिळला आणि दुसरा शोधायला मला फार वेळ लागला.

“फार खाजतं का गं?” मी विचारलं.

तिचे ओठ सुटले.  ती खुर्चीवर बसली, आणि माझ्याकडे नव्हे, स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, “दुपारी. दुपारी फार.”